वाटा

आमच्या खोलीत टेबलं दोन, प्लग एक.
सकाळी तो तिओनगेचा, दुपारनंतर माझा,
आणि वीज बहुधा दुपारनंतरच जाते.
खिडकीत झोम्बाचा डोंगर, ढगात अर्धा बुडालेला.
दाराशी दुसऱ्या वर्षाच्या दोनशे चाळीस उत्तरपत्रिका,
सुतळीने बांधलेल्या.

मी महागाईवर लिहितो.
राजधानीहून दर महिन्याला आकड्यांची फाइल येते,
मी ती निवडतो, पाखडतो,
आणि नोव्हेंबरात सिद्ध करून दाखवलं
की सुक्या मासळीचा भाव वर्षभर
जागचा हलला नाही.
पाचशे क्वाचा वाटा.
रेषा इतकी सपाट
की तिच्यावर पाट मांडून जेवावं.

तिओनगे म्हणाली, बाजारात चल.

चिल्वा सरोवर त्या साली आटत होतं.
टोपल्या बांधलेल्या सायकली एरवी पहाटे यायच्या,
आता उन्हं चढल्यावर,
आणि हलक्या.
अबिती जाफाली प्लास्टिकच्या कापडावर
मातेम्बाचे वाटे लावत होती,
बोटभर मासे, चंदेरी, डोळ्यांसकट वाळलेले.
भाव विचारला. पाचशे.
मी तिओनगेकडे पाहिलं : बघ.

तिने पिशवीतून वजनकाटा काढला,
गृहविज्ञानवाल्यांकडून सही करून आणलेला,
शुक्रवारी परत करायच्या बोलीवर.

एकशे ऐंशी ग्रॅम.
वहीत जानेवारीच्या पानावर
ह्याच बाईचा, ह्याच कापडावरचा वाटा :
तीनशे दहा.

"भाव वाढवला तर गिऱ्हाईक तोंड फिरवतं,"
अबिती माशा वारत म्हणाली,
"वाटा लहान केला तर नुसतं बघतं."
मग तिने वाटा पिशवीत ओतला
आणि वर चिमूटभर आणखी टाकले, न मागता.
ह्याला इथे बासेला म्हणतात.
पूर्वी मूठ असायची.
तिओनगे तेही तोलायला लागली
तेव्हा अबितीला हसू आलं :
दिलेलं कुणी तोलतं का, पोरी?

जानेवारीपासून दर मंगळवारी. एकोणीस विक्रेत्या.
मिनिबसचं भाडं स्वतःच्या पगारातून,
जो मार्चमध्ये एप्रिलात झाला.
आमच्याच बाजारांवरचा एक निबंध तिला हवा होता,
त्या नियतकालिकाची वर्गणी विद्यापीठाला झेपत नाही.
बर्गनला गेलेल्या वर्गमित्राने तो गुपचूप पाठवला.
लेखक इथे नऊ दिवस राहून गेला होता.
शेवटी आभार होते,
त्यात ड्रायव्हरचं नावही होतं, चुकीचं.

तिचा निबंध सात महिन्यांनी परत आला.
परीक्षक लिहितो : पद्धत नेटकी आहे,
परंतु एका लहान गावातल्या एका बाजारातून
जगाने काय घ्यावं?
तिओनगे उत्तरपत्रिका तपासत होती,
लाल पेन हातात होतंच.
तिने 'जग' ह्या शब्दाखाली रेघ ओढली
आणि समासात लिहिलं :
व्याख्या द्या.

माझा मात्र छापून आला.
बढतीच्या अर्जाला जोडलाय.
खोलीत तो विषय निघत नाही,
झाकली मूठ.
ती माझ्या कपात साखर घालते, आपल्या उत्तरपत्रिकांकडे वळते,
आणि वीज गेली की
मला खिडकीजवळची खुर्ची देते.

आज मंगळवार. काटा माझ्या सहीवर आणलाय.
तिच्या तक्त्यात आता शेवटचा रकाना : बासेला.
राजधानीच्या फाइलीत असा रकाना नाही,
बर्गनच्याही नाही.
अबितीने वाटा ओतला,
टोपलीच्या तळाशी हात फिरवला,
माझ्या पुढ्यात मूठ उघडली.
तीन मासे.

पारड्यात ठेवले. काटा हललाच नाही.
आम्ही दोघं वाकून बराच वेळ पाहत राहिलो,
मागचं गिऱ्हाईक खोळंबलं.
शून्य लिहिलं असतं तर खोटं झालं असतं.